मांजर हरवलं? आधी जिन्याखाली पाहा

संपादक महोदय,

दिवाळी आली की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर हरवलेल्या मांजरांचे फोटो फिरू लागतात. फोटो जरूर टाकावा, पण बहुतेकांचा शोध तिथेच संपतो. फटाक्यांना बिथरून बाहेर पडलेलं घरातलं मांजर सहसा लांब जात नाही. जवळच्या आडोशाला अंग चोरून बसतं आणि घरच्यांची हाक ओळखूनही ओ देत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सापडलेल्या मांजरांपैकी सुमारे ७५ टक्के ५०० मीटरच्या आतच सापडली होती.

म्हणून आधी आपलीच इमारत पालथी घालावी: जिन्याखालची अडगळ, मीटरची खोली, डक्टचा तळ, गच्चीवरच्या टाकीमागची फट, उभ्या गाडीचं बॉनेट. सुट्टीत गावी गेलेल्यांची बंद घरं हमखास विसरली जातात. उघड्या खिडकीतून शिरलेलं मांजर आत कोंडलं जातं. त्यांना फोन करून शेजाऱ्याकडची किल्ली मागावी.

खरा शोध रात्री एक ते चारच्या दरम्यान, वर्दळ थांबल्यावर. टॉर्च कमरेशी नव्हे, डोळ्यांच्या रेषेत धरावा. मांजराच्या डोळ्यांची चमक आली तशीच परत जाते, त्यामुळे हात खाली असला की ती दिसत नाही. दहाजणांनी मिळून आरडाओरडा करत फिरणं हा सर्वांत वाईट उपाय. एकानेच जावं, दिसलं की खाली बसावं, खाऊचा डबा हळू वाजवावा. झडप घातली तर ते पुढच्या इमारतीत जाईल.

हाती येत नसेल तर प्राणिमित्र संस्थांकडून झडपेचा पिंजरा आणावा; आतल्या पट्टीवर पाय पडला की त्याचं दार मिटतं. तळाला वर्तमानपत्र अंथरावं, वर चादर टाकावी, अगदी मागच्या टोकाला भाजलेलं सुकट ठेवावं. पुढे ठेवलं तर मांजर पट्टीवर पाय न देताच खाऊन जातं. पिंजरा लावून झोपायला जाऊ नये. गल्लीतला बोका अडकण्याचीच शक्यता जास्त, आणि उन्हात राहिला तर त्याचा जीव जाईल.

पत्रक लावताना एक खूण मुद्दाम लपवावी. ‘मांजर माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा’ असा फोन आला की तीच विचारावी. पहाटे झाडणारे सफाई कामगार आणि रात्रपाळीचे वॉचमन यांना पत्रक हातात द्यावं, गल्लीतल्या मांजरांची त्यांना चांगली ओळख असते.

दोन-तीन दिवस उपाशी राहिलेलं मांजर, विशेषतः लठ्ठ असेल तर, यकृताच्या विकाराने आजारी पडू शकतं. सापडल्यावर ते खात नसेल, तर ‘घाबरलंय, खाईल उद्या’ म्हणत न थांबता त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावं.

– एक वाचक, ठाणे