मनू, तिला कॉटखालीच राहू दे

प्रिय मनू,

परवा नवी कुत्री कॉटखालून बाहेरच येईना म्हणून तू फोनवर रडलीस आणि मला काही धड बोलताच आलं नाही, बाबा शेजारी मोठ्यानं बातम्या लावून बसलेले. म्हणून लिहितेय. निवांत वाच.

तिला शेल्टरमधून आणून आज सहावा दिवस ना? अगं शेल्टरवाले ते तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने म्हणतात, तो पण ढोबळच हिशेब. पहिले तीन दिवस नुसती भीती, तीन आठवड्यांत घरात कधी काय होतं ते कळायला लागतं, आणि घर आपलं वाटायला तीन महिने, काहींना त्याहून जास्त. आणि तू आत्ताच तिला साताऱ्याच्या त्या चार भिंतीच्या टेकडीवर फिरायला न्यायचं म्हणतेस, कमाल आहे.

२०१९ चा पूर आठवतो ना तुला, सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि आपण गावभागातलं घर सोडून मिरजेला मामाकडे गेलो. मामीनं काही कमी केलं नाही गं, पण येणारा जाणारा प्रत्येकजण खा, झोप, काळजी करू नको, आणि मला वाटायचं कुणी माझ्याकडं बघूसुद्धा नये. मामीची आई तेवढी माझ्याशेजारी येऊन मेथी निवडत बसायची, एक शब्द नाही. तिसऱ्या दिवशी मीच एक जुडी ओढून घेतली आणि निवडायला लागले. तेव्हा कुठं जेवण घशाखाली उतरलं.

तू पण तेच कर. कॉटपासून जरा लांब, तिच्याकडं पाठ नाहीतर कूस करून खाली बस आणि काहीतरी निवडत बस, नाहीतर मोबाईल बघ. तिच्या डोळ्यात बघायचं नाही, वाकून डोक्यावर हात ठेवायचा नाही, ओढून तर अजिबात बाहेर काढायचं नाही. मधेच एखादा उकडलेल्या चिकनचा तुकडा न बघता तिच्या बाजूला टाक. सारखी जांभई देते म्हणालीस, ती झोप नव्हे, घाबरली की देतात, जिभेनं नाक-ओठ चाटतात, शेपूट पोटाखाली घेतात. असं दिसलं की तूच मागं सरक.

गुरगुरली म्हणून ओरडलीस ते मात्र चुकलं. गुरगुरणं म्हणजे ती सांगतेय, जवळ येऊ नको. ते सांगणं तू बंद पाडलंस तर उद्या न सांगता चावेल. आणि ऑफिसच्या चार मैत्रिणींना बघायला कशाला बोलावलंस, ती काय नवी नवरी आहे? आंघोळ पण एवढ्यात नको. शेल्टरमधून आलेलं ते मळकं फडकं धुऊ नको, वास येऊ दे, तिच्या ओळखीचं तेवढंच आहे त्या घरात.

जेवण रोज ठरल्या वेळी, पाणी कायम भरलेलं. भेदरलेली कुत्री पहिले एक-दोन दिवस खात नाहीत, पण तुझी आता रात्री उठून वाटी साफ करते म्हणजे बरंच आहे. उद्या परत खायची बंद झाली किंवा पाणीच पिईना तर मात्र डॉक्टर. कुकर लावताना बेडरूमचं दार ओढून घे, शिट्टीनंच दचकत असणार. झाडू हातात घेऊन तिच्यासमोर जाऊ नको, कुणी कशानं मारलंय आपल्याला काय माहीत. घरात शू केली तर गुपचूप पूस, पण फिनेल नको, पायाला लागलं की चाटतात. बाहेर नेशील तेव्हा नुसता पट्टा नको, हार्नेस घाल, घाबरलेलं कुत्रं पट्ट्यातून मान काढून पळतं आणि मग तू पोवई नाक्यापर्यंत हाका मारत फिरशील.

तासगावच्या मावशीनं दिलेले बेदाणे डब्यात घातलेत. ते तुझे. तिला एक पण द्यायचा नाही, द्राक्ष-बेदाण्यानं कुत्र्यांची किडनी जाते. कांदा, चॉकलेट पण नको. आणि कंदी पेढा लाडानं देशील, तो पण नको.

दिवाळीला तिला इथं आणायचं म्हणतेस, मला चालेल, पण आपल्या गल्लीत फटाके किती वाजतात माहितीये ना. त्यापेक्षा यंदा आम्हीच साताऱ्याला येतो. बाबांना मी सांगितलंय, आल्या आल्या चुटक्या वाजवायच्या नाहीत, सोफ्यावर पेपर घेऊन गप बसायचं. ते म्हणाले तेवढं जमतं मला.

तुझी आई