पाशा हे आडनाव नव्हे हो!

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला दीवच्या किल्ल्यावरचा लेख आवडला, पण १५३८ साली दीवला वेढा घालणारा सुलेमान पाशा आणि खूप नंतरचा, तुर्कस्तानचा राष्ट्राध्यक्ष मुस्तफा केमाल पाशा हे एकाच 'पाशा घराण्यातले' असं छापलंय ते वाचून कपाळाला हात लावला.

अहो, पाशा हे घराणं नाही, आडनाव तर नाहीच, ती पदवी. उस्मानी (ऑटोमन) तुर्कांचा सुलतान बड्या सेनापतींना, वजिरांना, सुभेदारांना द्यायचा. सुलेमान तेव्हा इजिप्तचा सुभेदार होता म्हणून पाशा, आणि तो होता खोजा, म्हणजे खच्ची केलेला, त्याला कसलं आलंय घराणं! मुस्तफा केमालचा बाप कस्टम्समधला साधा कारकून, पोरगा महायुद्धात लढून १९१६ला जनरल झाला तेव्हा कुठे पाशा म्हणवून घेऊ लागला. परत पाशांतही वरखाली होतंच, काठीला बांधलेल्या घोड्याच्या शेपट्या मोजायच्या, वजिराला तीन, त्याच्या खालच्याला दोन, मग एक, आता खांद्यावरचे स्टार बघतात ना तसं.

आपला घोटाळा होतो कारण आपल्याकडे देसाई, सरदेसाई, नाडकर्णी हे सगळे मुळात हुद्दे, हुद्दा गेला आणि आडनाव राहिलं. तुर्कस्तानात बरोब्बर उलटं झालं. तिथे बहुतेकांना आडनावच नव्हतं, १९३४च्या जूनमध्ये सगळ्यांनी आडनाव घ्यायचा कायदा आला, नोव्हेंबरात केमालला आतातुर्क हे आडनाव मिळालं आणि दोनच दिवसांनी पाशा, बे, एफेंदी या पदव्या कायद्याने बंद. म्हणजे पाशाची पाशाकी त्याच्याच राजवटीत गेली. 'बे' मात्र बोलण्यातून काही गेला नाही, आपण रामबाब म्हणतो तसं ते आजही अहमद बे म्हणतात. बाब काय, बे काय, पाशा काय, नावाच्या नंतरच लागतं, म्हणून फोटोखाली 'पाशा केमाल' छापलंय तेही चुकलंच.

तर 'पाशा यांनी वेढा उठवला' असं लिहू नका, सुलेमान पाशाने म्हणा. आणि हो, पणजीच्या जुन्या सचिवालयाच्या नावातला पोर्तुगीजांचा 'इदालकांव' म्हणजे आपला आदिलखान, विजापूरचा आदिलशहा. त्याचंही आडनाव खान नव्हतं हां, नाहीतर पुढच्या रविवारी तेही छापाल.

– एक जुना वाचक, फोंडा