आमच्या बास्केटबॉलच्या सरांना, जाहीर आभार

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

घरी येऊन आभार मानले असते तर तुम्ही "बस, चहा घे" म्हणून विषयच बदलला असता, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. यंदा शाळेतल्या मुलींचा बास्केटबॉल संघ माझ्याकडे आलाय. तो कोणामुळे, हे आपल्या फोंड्यातल्या लोकांना कळायलाच हवं.

गोव्यात चेंडू म्हटला की फुटबॉल. तरी तुम्ही शाळेमागच्या सिमेंटच्या कोर्टवर आम्हा मुलींना जमवलंत. पावसाळ्यात कोर्टला शेवाळ धरलं की व्हरांड्यात बसवून तुम्ही अमेरिकेतले बास्केटबॉल प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांच्याबद्दल सांगायचात. एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये पाच अजिंक्यपदं मिळवलेला माणूस, पण तुम्ही सुरुवात करायचात पोमोना-पिट्झर या छोट्या कॉलेजपासून. तिथला त्यांचा पहिला हंगाम म्हणजे २ विजय आणि २२ पराभव. डिसेंबर १९९६ मध्ये ते सॅन अँटोनियो स्पर्स या एनबीए संघाचे प्रशिक्षक झाले तेव्हा संघ १८ पैकी १५ सामने हरला होता. तो हंगाम काही सुधारला नाही. पुढच्या वर्षी टिम डंकन हा खेळाडू आला आणि १९९९ मध्ये पहिलं अजिंक्यपद. "डंकन नशिबानं मिळाला, पण त्याला एकोणीस हंगाम एकाच संघात रमवलं ते नशिबानं नव्हे," हे तुमचं ठरलेलं वाक्य.

माझ्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, तेव्हा आई म्हणाली, आता पुरे. मलाही तसंच वाटत होतं. तुम्ही घरी आलात, पण सांत्वनाचं अक्षरही काढलं नाहीत. बेकी हॅमन या बास्केटबॉल खेळाडूबद्दल सांगितलंत. २०१३ मध्ये तिचाही गुडघा गेला. बरं होण्याच्या त्या काळात ती स्पर्सच्या सरावाला आणि प्रशिक्षकांच्या बैठकांना जाऊन बसायची, आणि पोपोविच तिचं मत विचारायचे. २०१४ मध्ये त्यांनी तिला पूर्णवेळ सहाय्यक प्रशिक्षक केलं. एनबीएमध्ये असं पद मिळालेली ती पहिलीच बाई. एवढं सांगून झाल्यावर म्हणालात, "उद्यापासून सरावाला ये. माझ्या बाजूला बसायचं."

दुसऱ्या दिवशी हातात वही आणि पेन्सिल दिलीत. बास्केट कोणी केली ते लिहायचं नाही, ते सगळ्यांनाच दिसतं. बास्केटच्या आधीचा पास कोणाचा, आणि त्याच्याही आधीचा कोणाचा, ते लिहायचं. सुरुवातीला माझी नजर चेंडूमागेच धावायची. हळूहळू दिसायला लागलं की आमच्या संघातली सगळ्यात गप्प मुलगी, जिचं नाव गुणफलकावर क्वचितच असायचं, तिच्या हातातून गेलेल्या चेंडूचीच पुढे बास्केट होत होती. मी ते तुम्हाला दाखवलं. पुढच्या सामन्यात तुम्ही तिला पहिल्या पाचांत घेतलंत, आणि हे माझ्या वहीमुळे झालं असं सगळ्यांसमोर सांगितलंत. खेळाडू म्हणून मला इतका मान कधी मिळाला नव्हता.

तालुक्याच्या अंतिम सामन्यात आम्ही शेवटच्या क्षणी हरलो, तो दिवसही आठवतो. मुली रडत होत्या, पालक पंचांवर चिडले होते. तुम्ही सगळ्यांना थेट बाजारात नेऊन भाजी-पाव खायला घातलात आणि सामन्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. २०१३ च्या एनबीए अंतिम फेरीत सहाव्या सामन्यात प्रतिस्पर्धी रे ॲलनच्या त्या थ्री-पॉइंटरनं, म्हणजे लांबून मारलेल्या तीन गुणांच्या बास्केटनं, स्पर्सच्या तोंडचा घास गेला, त्या रात्री पोपोविच यांनीही अख्ख्या संघाला जेवायला नेलं होतं. हे मी फार नंतर वाचलं. तुम्हाला ठाऊक होतं की तुमचा स्वभावच तसा, हे अजून विचारलेलं नाही.

३० डिसेंबर २०२० ला पंचांनी पोपोविच यांना मैदानाबाहेर काढलं आणि उरलेला सामना हॅमननं सांभाळला. ती बातमी मला पहिल्यांदा तुम्हीच पाठवलीत. पुढे लास व्हेगास एसेस या महिलांच्या संघाला तिनं २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदं मिळवून दिली. मे २०२५ मध्ये पोपोविच यांनी आजारपणानंतर प्रशिक्षकपद सोडलं तेव्हा त्यांच्या नावावर १,४२२ विजय होते. एनबीएच्या नियमित हंगामांत एवढे विजय दुसऱ्या कोणाचेच नाहीत. त्या दिवशी मला आधी तुमची आठवण आली.

सर, गुडघा गेल्यावर सगळ्यांनी मला विश्रांती दिली, तुम्ही काम दिलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

चवथीनंतर आमचा सराव पुन्हा सुरू होतोय, संध्याकाळी चार वाजता. मुलींचा झोन बचाव, म्हणजे प्रत्येकीनं आपापला भाग राखायचा तो, डाव्या कोपऱ्यात सारखा फुटतो आणि मला त्यावर उपाय सापडत नाहीये. एकदा येऊन बघा. वही-पेन्सिल मी तयार ठेवते.

तुमची विद्यार्थिनी