टी-शर्टचे पैसे टॅक्सीभाड्याला द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर हा ब्रेस्ट कॅन्सरच्या अवेअरनेसचा महिना, तो आला की तुमच्या पेपरात गुलाबी टी-शर्टवाल्यांचे फोटो सुरू होतात, मिरामारला वॉक, मडगावला रॅली, कुठेतरी झुंबा, आणि हल्ली तर हॉटेलांत ब्रेस्ट कॅन्सरच्या मदतीसाठी म्हणून कॉकटेल नाइटसुद्धा ठेवतात. दारूमुळे ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढतो हे डॉक्टर लोक किती वर्षं सांगतायत, तरी ग्लासाला गुलाबी रिबन बांधून निधी गोळा करायचा म्हणजे कमालच आहे. असो, माझा वॉकला विरोध नाही, चाललेलं चांगलंच. माझं म्हणणं पैशांबद्दल आहे.

रविवारी सकाळी सहाला पणजीला पोचणारी बाई कोण असते? जिला हे सगळं आधीच माहीत आहे ती. सत्तरीतल्या किंवा केप्यातल्या आतल्या गावातून त्या वेळेला पणजीत पोचायला कदंबाची बस तरी मिळते का? मग अवेअरनेस नेमका कोणाला करतो आपण?

आणि खरं सांगू का, आपल्या गोव्यात तपासणीची सोय नाही असं अजिबात नाही. २०२१ मध्ये सरकारने युवराज सिंगच्या यूवीकॅन फाउंडेशनबरोबर 'स्वस्थ महिला स्वस्थ गोवा' सुरू केलं, एक लाख बायका तपासायचं टार्गेट होतं, हातात धरायचं छोटं मशीन, रेडिएशन नाही, दुखत नाही, आपल्या हेल्थ सेंटरमध्येच तपासतात. चांगलीच गोष्ट आहे ही. पण हे मशीन फक्त संशय सांगतं. पुढे सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि मग गाठीतला तुकडा काढून बायोप्सी, तेव्हा कुठे नक्की कळतं, आणि त्यासाठी बहुतेकदा बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात, म्हणजे जीएमसीत जावं लागतं. बाई गळते ती इथे, हेल्थ सेंटर ते बांबोळी ह्या मधल्या रस्त्यात.

आमच्या ओळखीतल्या एका वयनीचं असंच झालं. तपासणीत गाठ लागली, चिठ्ठी मिळाली, पण तेव्हा काजूचा सीझन, त्या म्हणाल्या बिया संपल्या की जाते. मग पाऊस लागला, मग चवथ आली, मग सुनेचं बाळंतपण. वर म्हणायच्या, "दुखना मगे, मागीर कित्याक वचप डॉक्टराकडेन?" (दुखत नाही ना, मग डॉक्टरकडे कशाला जायचं?) आता ह्यात गंमत अशी की बऱ्याचदा सुरुवातीची कॅन्सरची गाठ दुखतच नाही, न दुखणारी आणि कडक गाठ असेल तर उलट लवकर दाखवायला पाहिजे, पण हे त्यांना कोणी बसून सांगितलंच नव्हतं, हातात फक्त चिठ्ठी दिली. शेवटी त्या बांबोळीला गेल्या, ट्रीटमेंट चालू आहे, पण जे लवकर गेल्या असत्या तर छोट्या ऑपरेशनवर निभावलं असतं ते मोठ्यावर गेलं. एक दिवस बांबोळीला म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली, बरोबर कोणीतरी पाहिजे म्हणजे दुसऱ्याची पण गेली, आणि एका फेरीत काही काम होत नाही.

दुसरं एक वाक्य सगळीकडे ऐकते, आमच्या घराण्यात कोणालाच नाही. अहो, आनुवंशिक असणारे पेशंट शंभरात पाच ते दहाच असतात, बाकीच्यांपैकी बहुतेकींच्या घराण्यात कोणालाच नव्हता! देशात २०२२ साली अंदाजे १ लाख ९२ हजार बायकांना नव्याने हा कॅन्सर झाला, एवढ्या सगळ्यांच्या आज्यांना होता की काय.

आता खर्चाचं. औषधांचं बरंचसं सरकार बघतं, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे, जीएमसी आहे. पण कार्डावर टॅक्सी येत नाही. रेडिएशन सांगितलं तर सोमवार ते शुक्रवार रोज जायचं, असे तीन ते पाच आठवडे, त्यात केमो झालेलं शरीर, ती बाई बसमध्ये उभी राहून जाणार का? ऑपरेशननंतर ब्रामध्ये घालायचं पॅड लागतं, हात सुजला तर घालायची घट्ट बाही लागते, घरात लहान पोर असेल तर त्याला बघायला कोणी लागतं. ह्या गोष्टी कुठल्याच स्कीममध्ये नीट बसत नाहीत, आणि नेमक्या ह्याच गोष्टी देणगीच्या पैशातून सहज होतात. पाचशे टी-शर्ट, स्टेज, साउंड, ड्रोनवाला, पाहुण्यांचे बुके, ह्यातलं अर्धं जरी वाचवलं तरी एका तालुक्यातल्या बायकांचं येणं-जाणं वर्षभर निघेल असं मला वाटतं.

म्हणून देणाऱ्यांनी पण थोडं विचारायला शिकलं पाहिजे. तिकीट घेताना विचारा, ह्यातले किती पेशंटकडे जाणार, कुठल्या संस्थेकडून, टॅक्सच्या सवलतीसाठी लागणारी पावती मिळेल का (आणि २००० च्या वर रोख दिलं तर त्यावर टॅक्सची सवलत मिळत नाही, हे आयोजक सांगत नाहीत). चांगली संस्था असेल तर ती रागावणार नाही, हिशेबच पुढे करेल. नुसतं "सगळी रक्कम कॅन्सरच्या कार्याला" असं मोघम लिहिलं असेल तर मी तरी देत नाही. आयोजकांनी महिन्याभरात जमाखर्च तुमच्या पेपरात छापायला द्यावा, तुम्ही पण जागा द्या.

आणि अवेअरनेसच करायचा तर तो जिथे बायका जमतात तिथे करा ना. मुंबईत टाटा हॉस्पिटलने वस्त्यांमधल्या दीड लाखांवर बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला, अर्ध्या भागांत दर दोन वर्षांनी ट्रेनिंग दिलेल्या साध्या आरोग्य सेविकांनी हाताने तपासणी केली, डॉक्टरांनी नाही, मॅमोग्राफी पण नाही, तरी पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये ह्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्के कमी झाले. तरुण बायकांमध्ये तेवढा फरक दिसला नाही हेही खरं, पण आमच्या वाड्यावर पन्नाशीच्या पुढच्याच जास्त आहेत. शिकलेला हात आणि बाईने बाईला मोकळेपणी बोलायची जागा, एवढ्यावर हे झालं.

अशी जागा आपल्याकडे आहेच. पौषात धालो येतात, म्हणजे बायकांचा गाण्या-नाचाचा उत्सव, तेव्हा मांडावर, गावातल्या त्या ठरलेल्या अंगणात, काही रात्री सगळ्या वयाच्या बायका असतात, पुरुष नसतात, लाजायचं काही कारण नाही. गाणी सुरू व्हायच्या आधी अर्धा तास हेल्थ सेंटरच्या नर्सने येऊन सांगितलं, गाठ, कातडीला खळगा, बोंडातून रक्त किंवा पाणी, काखेतली गाठ, आणि ज्यांच्याकडे चिठ्ठी पडून आहे त्यांची नावं घेऊन पुढच्या सोमवारी एकच गाडी करून सगळ्यांना बांबोळीला नेलं, तर बघा कशा जातात त्या, एकटीला भीती वाटते, आठजणींना नाही वाटत. मांडकरणीशी, म्हणजे धालोचा मांड सांभाळणाऱ्या बाईशी, बोलायचं काम आमच्या महिला मंडळाचं, ते आम्ही करतो. गाडीभाडं आणि जेवणाचा खर्च उचलायला वॉकवाल्यांपैकी कोणी तयार असेल तर तुमच्या ऑफिसात निरोप ठेवावा, पौष लागायच्या आधी ठेवला तर बरं.

तुमची एक वाचक,
डिचोली