हिपॅटायटिस सी: गोळ्या संपल्यानंतरची तपासणी

मा. संपादक महोदय,
सविनय नमस्कार.

हिपॅटायटिस सी हा यकृताचा विषाणूजन्य आजार झालेल्या रुग्णाला औषध कितपत लागू पडेल, याचा अंदाज उपचाराआधीच बऱ्यापैकी बांधता येतो. पण तो कशावरून बांधला हे रुग्णाला क्वचितच सांगितले जाते, म्हणून हे पत्र. मी इंदुरात पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम केले आणि गेल्या वर्षी थोरल्या वहिनींच्या आजारपणात हीच उणीव घरात अनुभवली.

इंटरफेरॉन या जुन्या औषधाच्या काळात डॉक्टर या अंदाजाला फार जपत. विषाणूचा जीनोटाइप, म्हणजे जनुकीय प्रकार, 1 असेल तर 48 आठवडे आणि 3 असेल तर 24 आठवडे इंजेक्शने, जोडीला रायबाविरिन हे औषध, शिवाय ताप, अंगदुखी, नैराश्य. एवढे सोसायचे तर यशाची शक्यता आधी कळावी लागे. चौथ्या आठवड्यात रक्तातला विषाणू दिसेनासा झाला की आशा वाढे. पुढे 2009 मध्ये रुग्णाच्या आयएल 28 बी या जनुकाजवळच्या एका फरकावरूनही प्रतिसाद ओळखता येतो असे आढळले. सोफोसबुविर, डाक्लाटासविर या नव्या गोळ्या आल्यावर ती तपासणी मागे पडली, कारण आता शंभरात नव्वदांहून अधिक रुग्ण बहुधा 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बरे होतात.

मला वाटते, याच आकड्याच्या भरवशावर आपण सैल झालो. आपल्या देशात सर्वाधिक आढळणारा जीनोटाइप 3 आणि त्यात सिरॉसिस (यकृत व्रणांनी कडक होणे), असे असेल तर यशाचे प्रमाण घटते आणि औषधांची जोडी किंवा मुदत बदलावी लागते. सिरॉसिसचा संशय येण्यासाठी महागडी तपासणीच हवी असे नाही. वय, एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताची रक्तातली विकरे आणि प्लेटलेट यांवरून फिब-4 हा यकृताच्या कडकपणाचा अंदाज देणारा आकडा काढता येतो. वहिनींचे वय 61, एसजीओटी 88, एसजीपीटी 70, प्लेटलेट 92 हजार. हिशेब सातच्या आसपास येतो, आणि 3.25 च्या वर गेला की यकृत बरेच निबर झाल्याचा संशय घ्यायचा असतो. हे चारही आकडे फाइलमध्ये असताना एका खासगी दवाखान्यात त्यांना ‘तीन महिने गोळ्या घ्या, बऱ्या व्हाल’ एवढेच सांगण्यात आले.

गोळ्या संपल्या त्या दिवशी अहवाल स्वच्छ होता आणि आम्ही पेढे वाटले. खरा निकाल त्यानंतर 12 आठवड्यांनी पुन्हा विषाणू मोजल्यावर लागतो, हे मला ठाऊक असूनही मी त्या आनंदात तारीख चुकवली, याची खंत आहे. सात महिन्यांनी तपासले तेव्हा विषाणू परतला होता. आता दुसरा उपचार सुरू आहे.

28 जुलै 2018 पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात या आजाराची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात, त्यामुळे पैशाअभावी कोणी थांबू नये. शहरातील सर्व डॉक्टरांना माझी विनंती आहे, की पहिल्याच दिवशी केसपेपरवर फिब-4 चा आकडा आणि गोळ्या संपल्यानंतरच्या बाराव्या आठवड्यातील तपासणीची तारीख ठळक अक्षरांत लिहावी, आणि ती घरच्या एका माणसाला वाचून दाखवावी.

आपली नम्र,
एक वाचक, रामबाग, इंदूर