गाडी ‘पी’ सोडत नसेल, तर का सोडत नाही हे तिनेच सांगावे

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

विद्युत मोटारींविषयी जे लिहून येते, त्यात एकदा चार्ज केल्यावर गाडी किती अंतर जाते आणि तिची बॅटरी किती वर्षे टिकते, या दोन प्रश्नांनीच बहुतेक जागा व्यापलेली असते. मला मात्र ज्या दोषाने अनेक महिने हैराण केले, त्याचा या दोन्ही प्रश्नांशी काहीही संबंध नव्हता. माझी गाडी अधूनमधून गिअर घेईनाशी झाली होती. बॅटरी भरलेली, समोरचा पडदा उजळलेला, पाय ब्रेकवर, आणि तरीही ‘पी’वरून (पार्क, म्हणजे गाडी उभी) ‘डी’वर (ड्राइव्ह, म्हणजे पुढे चालणे) जाण्याची आज्ञा दिली की पडद्यावर ‘पी’ हेच अक्षर कायम राही. गाडी बंद करून दोन-तीन मिनिटांनी पुन्हा चालू केली, की काही घडलेच नाही अशा थाटात ती निघे. सर्व्हिस सेंटरमध्ये नेल्यावर हा दोष एकदाही दिसला नाही, आणि तीन वेळा ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून गाडी मला परत देण्यात आली. अशा दोषाचा शोध कसा घ्यावा लागतो आणि तो शोध विनाकारण इतका अवघड का झाला आहे, हे मांडण्यासाठी हा पत्रप्रपंच.

मुळात ‘गिअर पडत नाही’ ही आपली भाषा पेट्रोलच्या गाडीची आहे. बहुतेक विद्युत मोटारींत बदलण्यासारखे गिअरच नसतात. मोटर आणि चाके यांच्यामध्ये एकाच ठरावीक गुणोत्तराची दात्यांची जोडणी असते आणि मागे जायचे असेल, तेव्हा मोटरच उलट फिरवली जाते. आपण जी दांडी ओढतो किंवा जे बटण दाबतो, ते गाडीच्या संगणकाकडे केवळ एक विनंती पाठवते. यांत्रिक म्हणावी अशी गोष्ट एकच, ती म्हणजे ‘पी’मध्ये दातेरी चाकात अडकणारी खिट्टी, आणि तीसुद्धा एका छोट्या मोटरने हलते. त्यामुळे पहिल्या खेपेस ‘गिअरबॉक्स उघडून पाहावा लागेल’ असे मला सांगण्यात आले, तेव्हाच तपासाची दिशा चुकली होती.

विनंती आल्यावर संगणक काही अटी पडताळतो. ब्रेक दाबलेला आहे का, किल्ली गाडीत आहे का, चार्जिंगची केबल निघालेली आहे का, मुख्य बॅटरीचा उच्च दाबाचा प्रवाह जोडला जाऊन गाडी निघण्यास सज्ज झाली आहे का, आणि काही मॉडेलांत दार व सीटबेल्ट लागलेले आहेत का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तरी गाडी जागची हलत नाही. ही कडक शिस्त आवश्यकच आहे. उभ्या गाडीत मुलांच्या हातून गिअर सरकून गाड्या घरंगळल्याच्या दुर्घटनांनंतर अमेरिकेत २००८ साली कायदा झाला आणि सप्टेंबर २०१० पासून तयार होणाऱ्या स्वयंचलित गिअरच्या प्रवासी गाड्यांत, ब्रेक दाबल्याखेरीज ‘पी’ सुटू नये, ही व्यवस्था सक्तीची झाली. तेव्हा गाडी नकार देते, याबद्दल माझी तक्रार नाही. कोणती अट अडली हे त्या क्षणी तिला ठाऊक असूनही ती मला ते सांगत नाही, ही माझी तक्रार आहे. माझ्या पडद्यावर दर वेळी ‘गाडी तपासून घ्या’ एवढेच वाक्य उमटत असे.

अशा गाडीत सर्वांत आधी संशय घ्यावा तो १२ व्होल्टच्या लहान बॅटरीचा. मुख्य बॅटरी ४०० किंवा ८०० व्होल्टच्या वर्गातली आणि पूर्ण भरलेली असली, तरी तिला गाडीशी जोडणारे मोठे स्विच या छोट्या बॅटरीच्या बळावर मिटतात, आणि ब्रेक, किल्ली, दारे, ‘पी’ची खिट्टी या साऱ्यांवर लक्ष ठेवणारे लहान संगणकही तिच्यावरच चालतात. पेट्रोलच्या गाडीत ही बॅटरी अशक्त झाली की स्टार्टर जड फिरतो आणि मालकाला आपोआप इशारा मिळतो. विद्युत मोटारीत स्टार्टरच नाही, त्यामुळे इशाराही नाही. या बॅटरीचा दाब, म्हणजे व्होल्टेज, क्षणभर खाली गेला, की एखादा संगणक दचकून बंद पडतो, बाकीचे त्याच्याशी संपर्क तुटल्याची नोंद करतात, आणि स्कॅनर, म्हणजे संगणकातल्या नोंदी वाचणारे साधन, लावल्यावर कोडांची (बिघाडांच्या सांकेतिक क्रमांकांची) अशी रांग लागते, की निम्मी गाडी बिघडली आहे असे वाटावे. अशा वेळी कोडाच्या नावाप्रमाणे भाग बदलत सुटणे म्हणजे साप सोडून भुई धोपटणे. सर्वांत आधी कोणता कोड नोंदला गेला आणि त्या वेळी व्होल्टेज किती होते, हे पाहिले पाहिजे.

शिसे-आम्लाची चांगली बॅटरी काही तास विसावल्यावर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास ती अर्धीच भरलेली असते, आणि १२ च्या खाली गेली तर तिच्यावर विसंबू नये. गाडी सज्ज स्थितीत आली की मुख्य बॅटरीतून तिला भरणे सुरू होते आणि तेव्हा साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. न दिसल्यास दोष भरणाऱ्या यंत्रणेत शोधावा. (काही नव्या गाड्यांत ही छोटी बॅटरीसुद्धा लिथियमची असते आणि तिला हे आकडे लागू होत नाहीत.) मात्र विसावलेल्या बॅटरीचा आकडा चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण खरी परीक्षा भार टाकल्यावरच होते. टर्मिनल सैल असणे, किंवा बॅटरीची ऋण तार गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडतात तिथे गंज चढलेला असणे, या अगदी साध्या गोष्टींमुळेही कधी दिसणारा आणि कधी न दिसणारा दोष निर्माण होतो. बरेच दिवस उभी राहिल्यावर, थंडीत किंवा पहाटेच्या पहिल्या खेपेस गाडी अडत असेल, तर या बाजूचा संशय बळावतो.

माझ्या गाडीची छोटी बॅटरी बदलण्यात आली, आठवडाभर गाडी नीट चालली, आणि मी निश्चिंत होत असतानाच दोष परतला. त्यानंतर मी एक वही गाडीत ठेवली. गाडी अडली की बंद करण्याची घाई न करता वेळ, हवामान, शेवटचे चार्जिंग कधी झाले, गाडी उतारावर होती की सपाटीवर, आणि पडद्यावरची अक्षरे जशीच्या तशी लिहून ठेवू लागलो. जमले तेव्हा पडद्याचे छायाचित्रही घेतले. अकरा नोंदी झाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. थंडीशी, चार्जिंगशी वा उताराशी दोषाचा मेळ बसत नव्हता. पण ब्रेक सोडून पुन्हा जोराने, तळापर्यंत दाबला, की बहुतेक वेळा गाडी बंद न करताही ‘डी’ लागत होता.

ही वही पाहिल्यावर एका अनुभवी मेकॅनिकने पहिल्यांदा ब्रेकच्या स्विचकडे लक्ष दिले. त्यापूर्वी तो तपासला गेला नव्हता असे नाही. मागचे लाल दिवे लागतात, म्हणजे स्विच ठीक, असा निष्कर्ष काढून प्रत्येकाने तो विषय मिटवला होता. परंतु अनेक गाड्यांत या स्विचमध्ये दोन संपर्क असतात. पेडल दाबताच एक मिटतो आणि दुसरा उघडतो. एकाच्या साक्षीवर विसंबू नये म्हणून संगणक दोन्ही संकेतांची तुलना करतो, आणि ते जुळले नाहीत तर ब्रेक दाबला गेला असे मानत नाही. माझ्या गाडीत दिव्यांचा संपर्क चोख होता, दुसरा मात्र हलक्या दाबाला बदलतच नव्हता, कारण स्विच आपल्या बैठकीतून किंचित सरकला होता. स्कॅनरवर दोन्ही संकेत शेजारी-शेजारी ठेवून पेडल हळूहळू दाबले, तेव्हा काही मिनिटांत हे उघड झाले. ज्या दोषापायी गाडी तीनदा सर्व्हिस सेंटरमध्ये राहून आली, तो स्विच नवा बसवून आणि त्याची बैठक नीट करून संपला.

इतर शक्यता थोडक्यात सांगतो. चार्जिंगनंतर लगेच गाडी अडत असेल, तर केबल काढल्यावरही ती लागलेलीच आहे असा संकेत जातो का, हे पाहावे. चार्जिंगच्या खाचेतली माती, ओल किंवा वाकलेली पिन त्याला पुरेशी ठरते. पडदा उजळला म्हणजे गाडी सज्ज झाली असे नव्हे. सुरू करतानाच ब्रेक नीट दाबला गेला नसेल, तर अनेक गाड्यांत केवळ दिवे आणि रेडिओ चालू होतात, म्हणून सज्जतेची खूण दिसते का याची आधी खात्री करावी. उतारावर गाडीचा सारा भार ‘पी’च्या खिट्टीवर येऊन ती दात्यांत घट्ट अडकू शकते आणि तिच्या लहान मोटरला ती सोडवणे जड जाते. उभी करताना पाय ब्रेकवर असतानाच आधी पार्किंग ब्रेक लावावा, पाय सैल करून गाडीचा भार त्यावर येऊ द्यावा आणि मगच ‘पी’ निवडावा. केशरी आवरणाच्या तारा आणि त्यांची जोडणी यांना मात्र मालकाने हात लावू नये. त्या उच्च दाबाच्या आहेत आणि ते काम प्रशिक्षित माणसाचेच आहे.

आता या शोधाला इतका वेळ का लागला, याविषयी. अमेरिकेत १९९६ पासून पेट्रोल गाड्यांना जी समान निदानपद्धती सक्तीची झाली, तिचा उद्देश धुरातील प्रदूषणावर लक्ष ठेवण्याचा होता. धूरच न सोडणारी गाडी त्या नियमाच्या कक्षेबाहेर राहिली. कित्येक विद्युत मोटारींत स्कॅनरची तशीच खाच असते, पण आतून मिळणाऱ्या माहितीची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी, आणि ती वाचणारे साधन बहुधा तिच्याच सर्व्हिस सेंटरपाशी. मालकाकडे उरतो तो एकच उपाय: बंद करा आणि पुन्हा चालू करा. या उपायाने गाडी निघते खरी, पण काही वेळा नेमका तोच पुरावा नाहीसा होतो ज्यावरून कारण कळले असते. १२ व्होल्टची तार काढून पुन्हा लावण्याचा सल्ला तर त्याहून घातक, कारण त्याने नोंदी पुसल्या जाऊ शकतात आणि कारण मात्र जागेवरच राहते.

त्यामुळे सर्व्हिस सेंटरांनी ‘दोष आढळला नाही’ असे लिहिण्यापूर्वी साठवलेल्या नोंदी वाचाव्यात, त्या पुसण्याआधी त्यांची प्रत ग्राहकाला द्यावी आणि ग्राहकाने आणलेली वही वा छायाचित्रे तक्रारीला जोडून घ्यावीत, ही माझी मागणी आहे. तिच्यासाठी नवे यंत्र लागत नाही. गाडी बनवणाऱ्यांकडून अपेक्षा याहूनही साधी आहे. संगणकाने ज्या अटीमुळे विनंती नाकारली, त्या अटीचे नाव पडद्यावर यावे: ‘ब्रेकचे दोन संकेत जुळत नाहीत’, ‘चार्जिंगची केबल जोडलेली दिसते’, ‘१२ व्होल्टचा दाब कमी आहे’. आणि अशा नकारांची वेळेसह यादी मालकाला स्वतः पाहता यावी. वाहत्या रस्त्याच्या कडेला, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना, ‘तपासून घ्या’ या वाक्याचा कोणालाही उपयोग नसतो.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. नव्या विद्युत मोटारीचे परीक्षण करताना परीक्षकाने वेग आणि पल्ला यांच्याबरोबर आणखी दोन गोष्टी मुद्दाम कराव्यात. गाडी सज्ज झाल्यावर ब्रेकवरचा पाय काढून ‘डी’ मागून पाहावा, आणि चार्जिंगची केबल लावलेली असताना पुन्हा तेच करावे. दोन्ही वेळा पडद्यावर जे वाक्य उमटेल, ते परीक्षणात शब्दशः छापावे.

आपला,
एक वाचक