बसच्या पडद्यालाही एकदा ज्योत लावून पाहा : गोव्याच्या वाहतूकमंत्र्यांना खुले पत्र

मा. वाहतूकमंत्री,
गोवा सरकार, सचिवालय, पर्वरी

सप्रेम नमस्कार.

जुलैच्या धुवाधार पावसात मोपा विमानतळावर विमान उतरते तेव्हा वैमानिकाला खालचे काही दिसत नसले, तरी धावपट्टीची मध्यरेषा कुठे आहे ते लोकलायझर नावाचा रेडिओ संकेत सांगतो आणि साधारण ३ अंशांची उतरती वाट ग्लाइड पाथ हा दुसरा संकेत दाखवतो. ही यंत्रणा एकदा बसवली, प्रमाणपत्र फायलीत लावले आणि सगळे सुटले, असे होत नाही. तिच्या संकेतावर जमिनीवरचे मॉनिटर अहोरात्र लक्ष ठेवतात. संकेत ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की यंत्रणा आपोआप बंद होते. त्याखेरीज विमानतळ प्राधिकरणाची तपासणी विमाने ठरावीक मुदतीने देशभरातल्या विमानतळांवर फिरतात, त्याच वाटेने पुन्हा पुन्हा खाली येतात आणि संकेत हवेत मोजतात. धावपट्टीशेजारचे लाल-पांढरे दिवे वरून योग्य कोनात दिसतात की नाही, तेही बघतात.

विमानतळ आपल्या अखत्यारीत नाहीत. पण म्हापसा, पणजी आणि मडगावहून रोज संध्याकाळी पुण्या-मुंबईकडे सुटणाऱ्या स्लीपर बसेसचा कारभार आपल्याच खात्याकडे येतो. त्यांच्या गाद्या, पडदे आणि रेक्झिन वापरात आल्यानंतर कोण तपासते?

नवीन बसच्या आतल्या साहित्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस १५०६१. नमुन्याची पट्टी आडवी धरून तिच्या टोकाला १५ सेकंद ज्योत लावतात, आणि आग मिनिटाला १०० मिलिमीटरपेक्षा वेगाने सरकता कामा नये. ठीक आहे; पण पट्टी आडवी आणि पडदा उभा! उभ्या कापडावर आग वर चढते, आणि आडव्यापेक्षा कितीतरी वेगाने चढते, हे देवघरात समई लावणाऱ्या कुणालाही माहीत आहे. विमानातल्या पडद्याची चाचणी उभ्यानेच होते. विमानाच्या आसनाची गादी तर सुमारे १००० अंश सेल्सियसच्या बर्नरसमोर दोन मिनिटे धरतात आणि तिचे वजन १० टक्क्यांहून जास्त घटलेले चालत नाही. १९८५ मध्ये मँचेस्टरला उड्डाण घेता घेता थांबवलेल्या विमानाला आग लागून ५५ जण गेले, त्यातले बहुतेक धुराने. विमानाने जमीन सोडलीही नव्हती. असे अपघात पाहूनच ऐंशीच्या दशकात आसने आणि भिंतींचे नियम कडक झाले. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर प्रवासी विमान पेटले आणि जळून खाक झाले, पण आतले सर्व ३७९ जण जिवंत बाहेर पडले. त्यात कर्मचाऱ्यांच्या शिस्तीचा वाटा मोठा होता. आतले साहित्य लगेच पेटले असते, तर त्या शिस्तीला वेळच मिळाला नसता.

आपल्याकडची यादी मी लांबवत नाही. समृद्धी महामार्गावर जुलै २०२३ मध्ये बस पेटून २५ जण गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये जैसलमेर आणि कर्नूलच्या बसेस दहा दिवसांच्या अंतराने जळाल्या. जैसलमेरची बस साधीची वातानुकूलित करून घेतलेली होती, असे बातम्यांत आले.

माझा मुद्दा नेमका इथेच आहे. कारखान्यातून बाहेर पडलेली बस आणि पाच वर्षांनी रस्त्यावर धावणारी बस एकच नसते. मधल्या काळात गाद्या फाटतात, गॅरेजमध्ये स्वस्तातला फोम भरला जातो, नवे पडदे शिवले जातात, वायरी ओढून चार्जिंगचे पॉइंट वाढवले जातात. फोम जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड बाहेर पडतो. वरच्या बर्थवर झोपलेल्या माणसाला उठायलाही सवड मिळत नाही. पासिंगच्या वेळी मात्र ब्रेक, हेडलाइट आणि सायलेन्सरचा धूर तपासला जातो. पडद्याला कुणी ज्योत लावून बघत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये आपल्याच हडफड्याच्या नाइट क्लबमध्ये आगीत २५ जीव गेल्यावर सरकार क्लबांच्या तपासणीला लागले. बसच्या बाबतीत तरी आधी जीव जायची वाट बघू नये.

मागणी फार खर्चाची नाही. बस आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंगला येतेच. त्यातल्या काही बसेस चिठ्ठी टाकून निवडाव्यात, पडद्याची आणि गादीच्या कव्हरची एकेक पट्टी कापावी आणि पुण्याच्या एआरएआय किंवा सीआयआरटी या वाहन-चाचणी संस्थांकडे पाठवावी. पडद्याची पट्टी उभी धरूनही पेटवून बघावी, मानक मागत नसले तरी. आतले काम बदलून घेतलेल्या बसमालकाकडे साहित्याचा दाखला मागावा. परराज्यातल्या नोंदणीच्या बसेसवर आपला हात पोचत नाही, असे सांगितले जाईल. पण राज्याच्या सीमेवरच्या पत्रादेवी आणि पोळेच्या नाक्यावर संकटकालीन दार उघडून बघायला कुणाची हरकत आहे? काही बसेसमध्ये त्या दारासमोर पार्सलांची थप्पी असते.

सुरुवात सरकारच्याच कदंब महामंडळाच्या बसेसपासून करावी, म्हणजे खासगी मालकांना तोंड वर करून बोलता येणार नाही. चवथीला गावी येणाऱ्यांची गर्दी सुरू होण्याआधी पहिल्या पट्ट्या पुण्याला जाव्यात, आणि निकाल कसाही आला तरी तो बसच्या क्रमांकासह खात्याच्या संकेतस्थळावर टाकावा.

कळावे,
पेडणे तालुक्यातील एक प्रवासी